हुसाराची तलवार आणि निकेलचा थर: एका जर्मन घरातल्या दोन लष्करी तलवारींची पारख

पार्श्वभूमी

शुक्रवारी दुपारी, काम आवरायच्या वेळेला, एक गृहस्थ आमच्या कारखान्यात आले. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. "याला नवीन निकेल चढवून मिळेल का?" त्यांनी विचारलं आणि घोंगडी उलगडली. आत म्यानासकट एक बाकदार तलवार.

मी जर्मनीत वुपरटालला राहतो आणि धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात काम करतो. निकेल, क्रोम, जस्त हे माझं रोजचं काम. सोलिंगन अगदी शेजारी. वुपर नदीच्या काठची ही पात्यांची नगरी मध्ययुगापासून तलवारी घडवत आली आहे आणि प्रशियाच्या सैन्याला लागणाऱ्या तलवारींचा फार मोठा भाग इथूनच जात असे. इथल्या कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर एखादं पातं निघालं तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

जुन्या पात्यांची ओढ मात्र मला इथे लागली नाही, ती मी घरून घेऊन आलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी एक तलवार होती. दर खंडेनवमीला ती चिंचेनं आणि विटेच्या पुडीनं घासून लख्ख केली जायची, मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मुठीजवळ पात्यावर वेलबुट्टी होती असं आजोबा सांगायचे. मी ती कधीच पाहिली नाही. माझ्या जन्मापर्यंत ती पूर्ण घासली गेली होती. घरातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता, सगळ्यांनी भक्तिभावानंच घासली. पुढे जे सांगणार आहे त्यामागे ही गोष्ट सतत माझ्या मनात होती.

आलेल्या गृहस्थांना इथे हेर ह. म्हणतो ('हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत). त्यांच्या आईचं वय ऐंशीच्या घरात. त्या मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जायच्या बेतात होत्या. माळा रिकामा करताना दोन तलवारी निघाल्या. दोन्ही आईच्या आजोबांच्या. घरात चालत आलेली गोष्ट अशी की आजोबा क्रेफेल्डच्या 'नाचऱ्या हुसारां'पैकी होते. हुसार म्हणजे हलक्या घोडदळातले स्वार. ही ऱ्हाइन काठची प्रसिद्ध कथा आहे. १९०२ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म क्रेफेल्डला आला, तेव्हा तिथल्या मुलींना नाचायला जोडीदार म्हणून त्यानं घोडदळ पाठवायचं कबूल केलं आणि १९०६ मध्ये वेस्टफालियाची हुसार रेजिमेंट क्रमांक ११ ड्युसेलडॉर्फहून खरोखरच क्रेफेल्डला हलवली. तेव्हापासून 'टान्झहुझारेन' हे नाव तिला कायमचं चिकटलं.

अडचण

घरातलं सामान उचलणारा एक व्यापारी आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. दोन्ही तलवारींचे मिळून त्यानं १२० युरो सांगितले. चकचकीत तलवारीच्या पात्यावर रेजिमेंटचं नाव कोरलेलं आहे, पण ते नंतर कुणीतरी किंमत वाढवण्यासाठी कोरून घेतलं आहे, आणि दुसरी नुसती गंजलेली आहे, असं त्याचं म्हणणं. हेर ह. यांनी मनात दोन वाटा ठरवल्या होत्या. चकचकीत तलवारीला नवं निकेल देऊन दिवाणखान्यात लावायची. आणि ते फार महाग पडलं, तर दोन्ही शनिवारी दुपारी व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं.

दुसरी तलवार त्यांनी आणली नव्हती. जाता जाता म्हणाले, "ती मी स्वतःच साफ केली. ड्रिलला तारेचा ब्रश लावून." ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला, पण तेव्हा काही बोललो नाही.

पहिला निर्णय आणि माझी चूक

पहिला निर्णय सोपा होता: काम घ्यायचं की नाही. नवं निकेल देण्याआधी जुनं उतरवावं लागतं. ते आम्लाच्या हौदात विजेच्या प्रवाहानं उतरतं. मग खालचं पोलाद पॉलिशच्या चाकावर घासावं लागतं, कारण मुलामा खालची प्रत्येक खोट उघडी पाडतो, झाकत नाही. पात्यावरची जर्मन नक्षी छिन्नीनं खोदलेली नसते. जे भाग उंच ठेवायचे त्यांच्यावर मेणासारखा लेप देऊन उरलेल्या भागावर आम्ल सोडत. अक्षरं उंच आणि चकचकीत राहत, आजूबाजूची जमीन किंचित खोल आणि खरबरीत होई. ही खोली केसाच्या जाडीइतकीही नसते. चाकावर दोन मिनिटं आणि अक्षरं गेली. मी सरळ सांगितलं की हे काम आम्ही करू नये. मालकांनाही ते पटलं.

दुसरा निर्णय मी तिथल्या तिथे घेतला आणि तो चुकला. हेर ह. यांनी विचारलं, "म्हणजे ही अस्सल आहे?" मी ट्यूबलाइटखाली पातं फिरवून पाहिलं. पात्याचा साधा भाग निकेलनं पांढरा चमकत होता. कोरीव पट्ट्यात अक्षरं चमकत होती, पण त्यांच्यामागची जमीन तपकिरी, मेलेली दिसत होती. माझ्या धंद्याच्या डोळ्यानं लगेच निकाल दिला: आम्लानं निकेल खाऊन खालचं पोलाद उघडं केलंय, म्हणजे मुलामा आधी आणि कोरीवकाम नंतर. सोलिंगनच्या कारागिरांनी आधी कोरून मग मुलामा दिला असता. उलटा क्रम म्हणजे नंतरची भर. मी म्हणालो, "व्यापारी सांगतोय ते खरं दिसतंय."

ते निघून गेले. मी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवले होते, तेवढंच एक बरं काम त्या दिवशी केलं होतं.

रात्री जेवणानंतर ते फोटो मोठे करून पाहत बसलो. 'हुझारेन'मधल्या एका अक्षराच्या पायाशी गंजाचा खड्डा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. खड्ड्याच्या कडेला तपकिरी जमिनीच्या बाजूनं एक पांढरी, बारीक कड उचललेली दिसली. गंज खालून फुगला की मुलामा असा पापुद्र्यासारखा उठतो, हे मी रोज पाहतो. पण हा पापुद्रा तपकिरी भागातला होता. म्हणजे त्या खोलगट जमिनीवर निकेल होतं. मग वर तपकिरी होतं ते काय? सुकून लाखेसारखं घट्ट झालेलं जुनं तेल किंवा चरबी. मी धातू पाहून नाही, मळ पाहून निकाल दिला होता.

शनिवारी सकाळी आठला फोन केला. व्यापारी बाराला येणार होता. मी म्हणालो, "हेर ह., काल मी चुकलो. कृपा करून आज काहीही देऊ नका. सोमवारी दोन्ही घेऊन या, आणि घोंगडीत नको, कुलूप लागणाऱ्या पेटीत आणा." जर्मनीत अशी तलवार घरी ठेवायला परवाना लागत नाही, अठरा वर्षं पूर्ण असली की झालं. पण ती घेऊन उघड्यावर फिरता येत नाही, न्यायची तर बंद पेटीत न्यावी लागते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ठीक आहे, पण आईला काय सांगू? कालच तर सांगितलं की खोटी आहे म्हणून."

हे प्रश्नार्थक वाक्य मला आजही टोचतं. एका म्हाताऱ्या बाईच्या आजोबांची आठवण मी अर्ध्या मिनिटात खोटी ठरवली होती.

चकचकीत तलवार, जवळून

सोमवारी भिंगाखाली सुरुवात केली. पहिल्यांदा मूठ. काळ्या मुठीवर परज, म्हणजे बोटं वाचवणारा आडोसा, पोलादी, इंग्रजी 'पी' अक्षरासारखी वळलेली, तिच्यावरही निकेल. मुठीच्या डोक्यावर पात्याची शेपटी बाहेर येऊन ठोकून चपटी केलेली असते. ती जागा मी नेहमी सर्वात आधी पाहतो. आपल्याकडच्या तलवारींत पातं मुठीत लाख भरून बसवतात, ते तापवून सोडवता येतं आणि पुन्हा बसवता येतं. जर्मन मूठ मात्र ठोकून बंद केलेली असते. उघडायची तर ती जागा कानशीनं घासावी लागते, आणि तिथे नवी चमक किंवा हातोडीचा खुणावणारा घाव उरतो. इथे ती गोल, काळवंडलेली, अस्पर्श होती. मूठ आणि पातं पहिल्यापासून एकत्र होते.

मुठीखाली पात्यावर दोन छोटी चिन्हं: मुकुटधारी राजाचं मस्तक आणि शेजारी शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं. सोलिंगनच्या वायर्सबर्ग आणि किर्शबाउम या दोन घराण्यांची पेढी १८८३ मध्ये एक झाली, तिचं हे जोडचिन्ह. म्हणजे पातं त्यानंतरचं, ते क्रेफेल्डच्या गोष्टीशी जुळतं. पण नुसत्या चिन्हावर विसंबू नये हे आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या फिरंगी तलवारीवर, म्हणजे युरोपी पात्याच्या तलवारीवर, धावत्या लांडग्याचं चिन्ह दिसतं. ते मूळचं पासाऊ या जर्मन शहराचं, पुढे सोलिंगनच्या लोहारांनी उचललं. चिन्ह सुरुवात करून देतं, शेवट करून देत नाही.

मग कोरीव पट्टा. एका बाजूला रेजिमेंटचं नाव आणि क्रमांक ११, दुसऱ्या बाजूला 'त्सुअर एरिनरुंग आन माइने डीन्स्टत्साइट', म्हणजे माझ्या सैन्यातल्या नोकरीची आठवण म्हणून. अशा तलवारी सरकारी नसत. शिपाई स्वतःच्या पैशानं सोलिंगनकडून मागवून घेई, सुट्टीच्या दिवशी मिरवायला आणि नंतर घरी लावायला. त्यामुळे तिच्यावर सरकारी शिक्का नसणं हा दोष नाही, उलट तेच बरोबर.

एका बोटभर जागेवरचा मळ मी कापसाच्या बोळ्यानं आणि व्हाइट स्पिरिटनं हळूहळू सोडवला. घासलं नाही, नुसतं भिजवून टिपलं. बोळा चहाच्या रंगाचा झाला. खाली मंद रुपेरी, खरखरीत जमीन निघाली, दुधावरच्या पातळ सायीसारखी.

आमच्याकडे थराची जाडी मोजायचं एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र आहे. मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपक्यावर क्ष-किरण पडतात आणि कोणता धातू किती मायक्रॉन आहे ते कळतं, पात्याला ओरखडाही जात नाही. साध्या भागावर निकेल सहा मायक्रॉन, कोरीव जमिनीवर जवळपास पाच. क्रोम कुठेच नाही. हे 'नाही' महत्त्वाचं होतं. क्रोमचा मुलामा कारखान्यांत रुळला तो १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर. आजकाल सजावटीच्या कामात निकेलवर बहुधा क्रोमचा हात फिरतोच. इथे तो नव्हता.

तरीही मी थांबलो, कारण शुक्रवारचा धडा ताजा होता. यंत्रानं इतकंच सिद्ध केलं होतं की कोरीवकाम आधी आणि निकेल नंतर. कुणी १९७० साली कोरून त्यावर निकेल दिलं असतं तरी आकडे हेच आले असते. काळ कळायला झीज वाचावी लागते. गंजाचे खड्डे निकेल फोडून वर आले होते, खड्ड्यांच्या तळाशी निकेल नव्हतं. म्हणजे निकेल आधीचं आणि गंज नंतरचा. म्यानात घातल्या-काढल्यानं पडलेल्या लांब बारीक रेघा साध्या भागावरून सुरू होऊन अक्षरांवरून तशाच पुढे जात होत्या, अक्षरांपाशी तुटत नव्हत्या. नंतर कोरली असती तर अक्षरांच्या आजूबाजूच्या जमिनीत या रेघा आम्लानं खाल्ल्या गेल्या असत्या आणि अक्षरं मात्र जुन्या ओरखड्यांनी भरलेली असती, कडा कोऱ्या. इथे कडासुद्धा रेघांच्या दिशेनं किंचित मऊ झाल्या होत्या.

टोकही तपासलं. मोडलेलं पातं पुन्हा घासून टोकदार करतात, तेव्हा पात्यावरची उभी पन्हळ टोकाच्या फार जवळ येऊन संपते. इथे अंतर ठीक होतं. पातं म्यानात शेवटपर्यंत जात होतं आणि म्यानाची लांबी पात्याशी जुळत होती. मूठ आणि म्यान यांच्यामध्ये असणारी चामड्याची चकती गायब होती. ही किरकोळ उणीव.

साधी तलवार, जवळून

दुसरी पाहताना मन खट्टू झालं. सरळ पात्याची, आपल्या धोपेची आठवण करून देणारी. जर्मनीत सरळ पात्याला 'देगेन' म्हणतात, बाकदारला 'झेबेल'. ही प्रशियाच्या घोडदळाची १८८९ ची सरकारी देगेन. पोलादी पत्र्याच्या परजेवर प्रशियाचा गरुड. खरं तर या दोघींत इतिहासाच्या दृष्टीनं मला हीच जास्त बोलकी वाटत होती, कारण सरकारी तलवारीवर तिचं चरित्र ठोकलेलं असतं. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचं आद्याक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे: 'डब्ल्यू' म्हणजे विल्हेल्म, त्याखाली ९१. परजेवर तुकडीचा शिक्का: रेजिमेंटचा क्रमांक, दलाचं अक्षर, स्क्वॉड्रन (रेजिमेंटमधली पोटतुकडी) आणि शस्त्राचा नंबर.

तारेच्या ब्रशनं पातं आणि परज दोन्ही एकसारखी राखाडी, धुतल्यासारखी केली होती. शतकभर जमलेला गडद, स्थिर थर गेला होता. परजेवरच्या शिक्क्याच्या कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या. टॉर्च अगदी आडवा धरून, सावल्यांवरून, मी ११ आणि हुसारांचं 'एच' वाचलं. पुढचा स्क्वॉड्रनचा आकडा ३ की ५ हे आजही खात्रीनं सांगता येत नाही. त्या एका आकड्यावर आजोबांचं स्क्वॉड्रन कळलं असतं.

म्यान मात्र कोपऱ्यात वेगळं पडलं होतं म्हणून ब्रशमधून वाचलं. तोंडाजवळ शिक्का स्वच्छ होता: ५ आणि 'यू', म्हणजे उलान, भालाईत घोडदळ, रेजिमेंट ५. तलवार हुसारांची आणि म्यान उलानांचं. संग्राहकांच्या बाजारात अशा जोडीची किंमत लगेच खाली येते, कारण एकच नंबर असलेली तलवार आणि म्यान हीच खरी जोडी. मला एक शक्यता दिसली. वेस्टफालियाची उलान रेजिमेंट ५ ड्युसेलडॉर्फला होती आणि ११ वे हुसारही १९०६ पर्यंत तिथेच होते. एकाच छावणीत म्यानं अदलाबदल झाली असतील का? असतील. पण हे मला सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध होत नाही त्याची किंमत मालकाला सांगू नये. मी त्यांना शक्यता म्हणून सांगितली आणि तशीच लिहून दिली.

हेर ह. यांनी विचारलं, "धार कुणीतरी नंतर लावलेली दिसते, ही खराबी ना?" नाही. शांततेच्या काळात सैनिकांच्या तलवारी बोथट असत, १९१४ च्या ऑगस्टमध्ये जमवाजमव झाली तेव्हा त्यांना धार लावली गेली. धारेवरच्या त्या जाड तिरक्या रेघा बहुधा त्याच दिवसांतल्या. त्या पुसायच्या नाहीत.

समोरचे पर्याय

नव्या निकेलचा पर्याय पहिल्याच दिवशी संपला होता. व्यापाऱ्याचे १२० युरो हाही आता पर्याय नव्हता, पण त्या माणसाला मी लबाड म्हणत नाही. त्यानं तेच पाहिलं जे मी पाहिलं होतं, आणि मी तर त्या कामातला जाणकार म्हणवतो.

संग्रहालयाला देण्याचा विचार आईंच्या मनात आला. सोलिंगनच्या ग्रेफराथ भागात जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे. मी दोघांना तिथे घेऊन गेलो, देण्यासाठी नव्हे, तुलना करण्यासाठी. काचेमागे उत्तम राखलेलं पातं पाहिलं की आपल्या हातातल्याची अवस्था आपोआप कळते. आई बराच वेळ एका कोरीव पात्यापुढे उभ्या राहिल्या. अशा शिपायांनी विकत घेतलेल्या तलवारी पुष्कळ शिल्लक आहेत, त्यामुळे संग्रहालयापेक्षा घरात तिला जास्त अर्थ आहे, हे त्यांनीच तिथे ठरवलं.

विशेष लिलावगृहाचा पर्याय खरा होता. लष्करी वस्तूंचे लिलाव करणाऱ्या एका ठिकाणी फोटो आणि मोजमापं पाठवली. त्यांचा अंदाज हुसार तलवारीला ४५० ते ६०० युरो आणि देगेनला १५० ते २००. 'हातोडा पडेल त्या रकमेतून आमची दलाली जाईल,' हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. ती वजा करता हातात येणारा आकडा अंदाजाच्या बराच खाली राहतो, हे मी कागदावर मांडून दाखवलं.

देगेनच्या आकड्यापाशी हेर ह. थांबले. "ब्रश केला नसता तर?" लिलाववाल्यांना मी तेच विचारलं होतं. म्यान वेगळं असूनही, जुना थर आणि वाचता येणारा शिक्का असता तर ते दुपटीच्या आसपास बोलले असते, असं त्यांचं उत्तर आलं. मी ते लपवलं नाही.

काय केलं

दोन्ही तलवारी विकायच्या नाहीत असं कुटुंबानं ठरवलं. उरलं ते जपणं.

हुसार तलवारीचा मळ तीन संध्याकाळी बसून सोडवला. त्याच व्हाइट स्पिरिटनं, त्याच कापसाच्या बोळ्यानं. खड्ड्यांतला लालसर, जिवंत गंज बांबूच्या काडीच्या टोकानं उचलला. पोलादी लोकर, पॉलिशची पेस्ट, लिंबू, राख यातलं काही जवळ येऊ दिलं नाही. काळा, घट्ट बसलेला गंज तसाच ठेवला, कारण तो आता काही खात नाही आणि काढायला गेलं तर आजूबाजूचं निकेल उचलतं. शेवटी मऊ कापडानं मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. चामड्याची चकती नवीन बसवायची का, यावर चर्चा झाली. बसवली नाही. नवी चकती पुढच्या माणसाला मूळची वाटेल, आणि ती नसल्यानं तलवारीचं काही बिघडत नाही.

देगेनला मुद्दाम जुना रंग द्यायची कल्पना हेर ह. यांनी मांडली. पोलाद काळवंडवायची रसायनं आमच्याकडे आहेतच. मी नको म्हणालो. खोटा जुनेपणा चढवला की पुढे कुणी ती तपासेल तेव्हा खऱ्या खुणांवरही त्याचा विश्वास बसणार नाही. मेण दिलं आणि थांबलो.

प्रत्येक तलवारीबरोबर एक पाकीट दिलं: फोटो, मोजमापं, यंत्राचे आकडे, शिक्क्यांचं वाचन, न वाचता आलेल्या आकड्याची नोंद, आणि कोणत्या तारखेला काय केलं ते. ब्रशचीही नोंद त्यात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवारी मी मत द्यायलाच नको होतं. काम नाकारायला खात्री लागत नव्हती, संशय पुरेसा होता. अस्सल की नक्कल हे सांगायला मात्र स्वच्छ पृष्ठभाग लागतो. यंत्र शेजारच्या शेडमध्ये होतं, चालू करून स्थिर व्हायला अर्धा तास लागला असता आणि घरी जायची वेळ झाली होती. एवढंच खरं कारण. आता मी जुन्या वस्तूबद्दल विचारलं तर पहिल्या भेटीत फक्त दोनच गोष्टी सांगतो: काय करू नका, आणि पुन्हा कधी भेटू.

दुसरं, देगेनबद्दल ऐकताच मी विचारायला हवं होतं की ब्रशचं काम पूर्ण झालंय की उरलंय. नंतर कळलं की परजेची आतली बाजू त्यांनी शनिवारी सकाळी, माझ्या फोनच्या थोडं आधी केली. तो शिक्का तिथेच होता. शुक्रवारी एक वाक्य बोललो असतो तर तो आकडा वाचला असता.

आईंना पुन्हा सगळं मीच जाऊन सांगायला हवं होतं, मुलाच्या तोंडून नव्हे. तेवढं नंतर केलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चूक कबूल केली, त्यांनी केक वाढला आणि विचारलं, "तुमच्या घरच्या तलवारीवर काय कोरलं होतं?" मी सांगितलं की फुलं होती, कशी ते ठाऊक नाही.

आजची स्थिती

सहा महिन्यांनी हेर ह. यांचा फोन आला. हुसार तलवार भिंतीवर होती तशीच आहे, मंद रुपेरी. देगेनच्या पात्यावर मात्र अंगठ्याचा ठसा उमटला होता, बारीक नारिंगी रेघांत, अगदी आधार कार्डाच्या वेळी देतो तसा स्पष्ट. कुणीतरी पाहुण्यानं उघड्या हातानं धरली होती. ब्रशनं उघडं पडलेलं पोलाद घामाला लगेच पकडतं, मेण त्या जागी पातळ झालं असावं. फोनवरच मी सांगत गेलो आणि ते करत गेले: स्पिरिट, कापूस, टिपायचं, घासायचं नाही, वाळू द्यायचं, मेण. ठसा फिका झाला, पण तिरपा उजेड पडला की अजून दिसतो म्हणाले. त्यांनी पाकिटातल्या कागदावर तारीख घालून तेही लिहून ठेवलं, आणि तलवारीशेजारी सुती हातमोज्यांची जोडी टांगली.